देवपूरवर पसरलेली शोककळा

सर, आज दुपारी तोच शब्द पुन्हा समोर येऊन बसला आणि काय करावं ते कळेना, म्हणून तुम्हाला लिहितोय. ज्याचा तुम्हाला राग यायचा, तो शब्द : शोककळा. देवपूरच्या शाळेत तुम्ही संस्कृत घोकून घ्यायचात, तेव्हा कळा चंद्राला सोळाच असतात असं शिकलो होतो. जळगावला बातमीदार झाल्यावर कळलं की सतरावीही असते आणि ती संध्याकाळी सहाच्या आत पाठवावी लागते. आमच्याकडे निधनाची बातमी फोनवर येते, आणि ‘परिसरावर शोककळा पसरली’ ही ओळ मृताचं वय विचारायच्या आधीच लिहून होते. मी ती कुठे कुठे पसरवली! तिकीट हुकलेल्या पुढाऱ्याच्या अंगणात, बोदवडला गाडीचा थांबा गेला तेव्हा फलाटावर, आणि पारोळ्याकडे शर्यतीचा एक बैल मेला तेव्हा अख्ख्या गावावर.

बैलाची बातमी तुम्ही कापून ठेवली होतीत. आठवतंय ना, मी तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलोय, तुम्ही चहा गाळताय. “त्या दिवशी गावात चहाची टपरी उघडी होती का?” “असेल, सर.” “असेल? तू गेला होतास?” “बैलाला भेटायला कोण जातं, सर?” तेवढ्यात शेजारच्या अक्का तुमचा जेवणाचा डबा घेऊन आल्या. एकट्या माणसाला त्या रोज दोन्ही वेळा डबा द्यायच्या. त्या म्हणाल्या, “लिखू द्या ना सर, बैल बी कोनाना तरी व्हताच.” तुम्ही हसलात आणि माझ्या कपात साखर टाकली नाहीत. विसरलात की शिक्षा केलीत, हे मला अजून उलगडलेलं नाही.

मग तुम्ही गेलात. फोन आला, आणि मी जळगावच्या टेबलावर बसून लिहिलं, ‘देवपूरवर शोककळा पसरली.’ तुमच्या दाराशेजारी त्या दिवशी अक्कांच्या मुलीची हळद होती, बँडसकट. तुम्हीच अंथरुणावरून बजावलं होतं म्हणे, मी गेलो तरी वाजंत्री थांबवायची नाही. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मांडवात माझा पेपर पोचला आणि वरपक्षातलं कोणीतरी म्हणालं, “सगळ्या देवपूरवर शोककळा, आणि तुमच्याकडे बँड! माणसं आहात का?” ज्या बाईनं तुम्हाला वर्षानुवर्षं जेवू घातलं, ती एका ओळीत दगड ठरली. मी भेटायला गेलो तेव्हा पाहुण्यांनी त्यांना दाखवलेलं त्या बातमीचं कात्रण त्यांनी माझ्या हातात ठेवलं. “बठ्ठा पाहुणास्नी माले हाऊच कागद दखाडा. पेपरमा लिख भाऊ, सरनीच सांगेल व्हतं.” मी हो म्हटलं. पण खुलासा काय छापणार? ‘शोककळा पसरली नव्हती, वाचकांनी नोंद घ्यावी’? तुमच्या विद्यार्थ्यांनी मला बडवलं असतं. आज लिहू, उद्या लिहू, असं करत वर्षं गेली. अक्का भेटल्या की विचारायच्या. मग विचारायच्या थांबल्या, ते जास्त लागलं.

आज अक्का गेल्या. बातमी माझ्याचकडे आली. तुमचा धाक आठवून मी शोककळा गाळली आणि तिच्या जागी एवढी वर्षं राहिलेला खुलासा घातला, की शेजारच्या सरांच्या शेवटच्या इच्छेला मान देऊन या बाईंनी दुःख पोटात ठेवून हळद पार पाडली होती. हळदीच्या त्याच मुलीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हे लिहिलंत, बरं केलंत भाऊ. उशीर केलात. पण शोककळा का नाही लिहिली? सरांना लिहिली होती.” म्हटलं, “ताई, मी तिथे नाही. गल्लीत काय चाललंय मला काय माहीत?” “मी आहे ना इथे. पसरलीय. लिहा.”

लिहिली. आता सांगा, हे खरं झालं की सवयीचं? तुम्ही असतात तर टपरीचं विचारलं असतंत, आणि अक्कांनी बैलाचं सांगितलं असतं, आणि मी दोघांच्या मध्ये बिनसाखरेचा चहा पीत बसलो असतो. हे पत्र खणात, अक्कांनी दिलेल्या त्या कात्रणाखाली राहील.

एक राहिलं. तुम्ही गेलात त्या दिवशी शोककळा पसरली होती, सर. पण देवपूरला नाही. जळगावला, माझ्या टेबलापुरती. बातमीदारानं बातमीत स्वतःला आणायचं नसतं, म्हणून मी ठिकाण देवपूर टाकलं.