चार्ज आणि दुपारचा पहारा

७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

आज सकाळी देवापुढे दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं आणि मोबाईल चार्जला लावायचा विसरलो. शर्वरी म्हणाली, "बाबा, विठोबाची वात रोज आठवते, बॅटरी तेवढी आठवत नाही." काचीगुड्याहून ऑटो केली. भाडं विचारलं तर ऑटोवाला म्हणाला, आज का चार्ज यहीच है साब. कॉलेजात पोचतो तर प्राचार्यांचा निरोप – रेकॉर्ड सेक्शनचा चार्ज ऑफिसातल्या प्रियाला द्या, तुम्ही परीक्षा विभागात. दुपारी पेपरात लाठीचार्जची बातमी. घरी आलो तर शर्वरीची आई त्रिवेणी सांगतेय, खालच्या मजल्यावरच्या आजींना डिस्चार्ज मिळाला.

एका दिवसात एकच शब्द पाच वेळा! आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी चार्ज म्हणजे 'आरोप' एवढंच शिकवलं होतं. शब्दाला एकच अर्थ देत. बाकीचे शहरात जाऊन आणा, म्हणायचे.

१० नोव्हेंबर

लायब्ररीतला जाड शब्दकोश काढला. धुळीनं शिंका आल्या, पण सापडलं. मूळ लॅटिन. त्या लोकांची चाकांची गाडी, तिच्यात माल भरणं – तो चार्ज. कार, कॅरी, कार्गो, सगळी त्याच घरची भावंडं. पुढं बंदुकीत दारू भरणं, माणसावर काम सोपवणं, कुणावर आरोप ठेवणं. सगळीकडे भरणंच! घोड्यांवरून शत्रूवर तुटून पडणं त्यात कसं आलं ते मात्र नीट कळलं नाही.

म्हणजे आमची बैलगाडीच की! वडील कडबा भरताना ओरडायचे – मागं जास्त झाला तर गाडी उलाळ होऊन जू वर उचलेल, पुढं झाला तर बैलांच्या मानेवर येईल. भार आसावर बसला पाहिजे.

त्रिवेणीला सांगितलं. ती भाजी निवडत म्हणाली, "अर्धा जन्म बैलगाडीत बसलात, आणि ती आज सापडली होय?"

१२ नोव्हेंबर

देवळात सप्ताहाच्या पहाऱ्यांचा तक्ता लागला. चौथ्या दिवशी हिम्मतरावकाका दुपारी बारा ते दोन. मी रात्री दहा ते बारा. दरवर्षीसारखेच लांब लांब.

१३ नोव्हेंबर

हे कधी लिहिलं नाही. आज लिहितो.

गौलीगुड्यातल्या आमच्या विठ्ठल मंदिरात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. दोन-दोन तासांचे पहारे. वीणा गळ्यात घालून नाम घेत उभं राहायचं. पुढचा आला की देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, मग वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात. वय बघायचं नाही, भांडण बघायचं नाही.

नऊ वर्षांपूर्वी काका बारा ते दोन उभे होते आणि माझा पहारा दोनचा. त्याच दिवशी मला रेकॉर्ड सेक्शनचा चार्ज मिळत होता. यादी, किल्ल्या, सह्या. नवी खुर्ची! फायली मोजताना घड्याळ बघितलं नाही. देवळात पोचलो तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं. काका नव्हते. वीणा देवाच्या पायरीवर, काकांच्याच उपरण्यात गुंडाळलेली. पुजारी आत डुलकी घेत होते. तेवढ्यात बाकीचे आले आणि मी काय केलं? मोठ्यानं म्हणालो, "काकांनी वीणा खाली ठेवली!"

देवाची पायरी म्हणजे जमीन नव्हे, खाली नव्हतीच ती. आणि मला वीस मिनिटं उशीर झाला हे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

नंतर कळलं – पद्मावतीकाकूंचा त्या दिवशी दवाखान्यातून डिस्चार्ज होता. अडीचच्या आत या, असं काकांना सांगितलं होतं. तरी सव्वादोनपर्यंत वाट बघितली त्यांनी. ज्यांनी मला गावाहून इथं आणलं, पहिले आठ महिने आपल्या घरी जेवू घातलं, त्यांना मंडळी वर्षभर टोचून बोलली. ते एका वाक्यात गप्प करू शकले असते. बोलले नाहीत. तेव्हापासून तक्ता लिहिणारा आम्हाला शेजारी ठेवत नाही.

चार्ज म्हणजे आरोप – गुरुजींचा अर्थ मी नीट गिरवला म्हणायचा.

१५ नोव्हेंबर

काका सप्ताह झाला की मुलाकडे पुण्याला जाणार. कायमचे. म्हणजे हा शेवटचा सप्ताह.

१७ नोव्हेंबर

बाजारात फुलवालीपाशी काका भेटले. दोघांच्याही हातात तुळशीची माळ. सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर गुडघा कसा आहे! म्हणाले, "मला काय विचारतोस, त्यालाच विचार." फुलवाली खदखदून हसली. मीही हसलो आणि घरी आलो. भित्रा आहे मी.

२० नोव्हेंबर

चार्ज द्यायला बसलो. प्रिया तिशीचीही नाही, पण फायली अशा मोजते की जणू तांदूळ निवडतेय. एक रजिस्टर सापडेना. मी म्हणालो, राहू दे, असेल कुठंतरी, यादीत आहे म्हणून लिहू. ती पेन खाली ठेवून म्हणाली, "सर, नाही ते नाही म्हणून लिहा ना. मी सही करते, मग तुम्ही मोकळे."

लिहिलं – 'सापडत नाही'. तिनं सही केली. काही कोसळलं नाही. चहा आला.

नऊ वर्षांपूर्वीच्या चार्जच्या यादीत मी सगळं बरोबर लिहिलं होतं. फक्त माझी वेळ लिहिली नव्हती.

२१ नोव्हेंबर

केदारकडे गेलो. तक्ता आता तोच लिहितो. म्हटलं, मला दुपारी दोनचा पहारा दे, हिम्मतरावकाकांच्या नंतरचा. त्याच्या तोंडातला पेढा तसाच राहिला. "किशोरकाका, नक्को. आधीच्यानं वही देताना पहिली गोष्ट हीच सांगितली होती – ही दोन नावं लांब ठेवायची."

म्हटलं, त्यांनाच विचार. त्यानं तिथूनच फोन लावला. पलीकडून दोनच शब्द आले – "हौ, लिही."

२३ नोव्हेंबर, रविवार

सप्ताह सुरू. त्रिवेणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आठ महिने ज्यांचं जेवलात त्यांना नऊ वर्षं उपाशी ठेवलंत. आणि धुतलेलं उपरणं काढून ठेवलं.

२५ नोव्हेंबर

उद्या. ऑफिसातून अर्धा दिवस रजा. मोबाईल आत्ताच चार्जला लावला!

२६ नोव्हेंबर

दोनला बारा मिनिटं कमी असतानाच गेलो. मंडपात भजनाची मंडळी, बायका, पुजारी – सगळे होते. आधी त्यांच्याकडे वळलो. म्हणालो, "नऊ वर्षांपूर्वी काकांनी वीणा खाली ठेवली नव्हती. देवाच्या पायरीवर ठेवली होती. मी वीस मिनिटं उशिरा आलो होतो." टाळ थांबले.

मग वाकलो. काकाही वाकले, तो गुडघा घेऊन, माझ्या खांद्यावर हात टेकत. वीणा माझ्या गळ्यात घातली आणि कानाशी म्हणाले, "आज बारा मिनिटं आधी आलास. आठ अजून राहिली."