गोधडीसकट

रायपूर, ११ फेब्रुवारी २००२

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन सासूबाईंच्या खाटेशेजारी आहे, म्हणून पत्र. तुझा डावा हात प्लास्टरमध्ये नसता तर मी नागपूरलाच बाळंत झाले असते आणि हा तमाशा टळला असता.

बारशाला मामंजींनी गोल बाजारातल्या त्यांच्या दुकानातून भांडी तोलायचा काटा घरी आणला आणि पाहुण्यांसमोर पोरीला त्यावर ठेवलं. तीन किलो चारशे. सगळे खूश. आठ दिवसांनी सासूबाईंनी मालिश झाल्या झाल्या पुन्हा तोललं, तर तीन किलो शंभर. झालं! पोट्टी सुकून राहिली, हिच्या दुधात दमच नाही, असं त्यांनी शेजारपाजारी सांगितलं. संध्याकाळी पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटली हजर. शिशिर म्हणतो, काटा थोडीच खोटं बोलेल. नव्या राज्याचं नवं मंत्रालय, तुझ्या जावयाला फायलींतून मान वर काढायला फुरसत नाही.

आई, ती पोटभर पिते, आठ-नऊ लंगोट ओले करते, गाढ झोपते. मला दिसतं ना! पण विचारतो कोण? चार दिवस बाटली चालू आहे आणि माझं दूध कमी व्हायला लागलंय. काय करू, लगेच कळव. बाबांना नमस्कार, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
पूर्णिमा


नागपूर, १५ फेब्रुवारी

चि. सौ. पूर्णिमास,
अ. उ. आ.

रागानं दूध आणखी कमी होतं, तेव्हा आधी शांत हो. पद्मिनीबाईंनी तीन पोरं वाढवलीत, तुझ्या सासूला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. डब्याचं दूध काही विष नाही. तूही त्यावरच वाढलीस आणि चांगली भांडकुदळ निघालीस! तुझ्या भावाबरोबर, शेखरबरोबर, डिंकाचे लाडू पाठवते. दुपारी झोपत जा. चिमुकलीला पापा, तुला भरभरून आशीर्वाद.

तुझी,
आई


रायपूर, २२ फेब्रुवारी

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

लाडू मिळाले. पत्राचा मात्र राग आला, लपवत नाही. एक माणूस तरी माझ्या बाजूनं उभं राहील असं वाटलं होतं.

उभी राहिली कलावती, बीरगांवहून मालिशला येते ती. माझी रडकथा ऐकून तिनं एवढंच विचारलं, बारशाला पोरीच्या अंगावर काय होतं. माझ्या हातातली वाटी खालीच पडली. जाड गोधडी, टोपडं, चांदीचे वाळे, कमरेची साखळी! आणि दुसऱ्यांदा, गोधडीला तेल लागेल म्हणून सासूबाईंनी तिला उघडीच तोलली होती.

सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. मी ओलांडला. पोर कलावतीजवळ ठेवली, सगळ्याचं गाठोडं बांधलं आणि रिक्षानं गोल बाजार गाठला. दुकानात गिऱ्हाईक होतं, असू दे. नुसतं गाठोडं काट्यावर ठेवलं. सहाशे ग्रॅम. मामंजींनी पुन्हा तोललं, तेवढंच. म्हणजे पोर बारशाला दोन किलो आठशे होती आणि आठ दिवसांत माझ्याच दुधावर तीनशे ग्रॅम वाढली होती! मामंजी स्वतः मला घरी सोडून गेले.

सासूबाई म्हणाल्या, इतकी काहून तापतेस, होते एखादी चूक. चूक! दोन आठवडे माझी पोर माझ्या कुशीतून ओढून घेतली, ती चूक? बाटली मी माळ्यावर टाकली. शिशिर खजील होऊन लंगोट वाळत घालतो. कलावती सांगते तसं पोरीला सारखं अंगावर लावते आहे, दूध वाढतंय. कठोर लिहिलं असेल तर पोटात घाल.

तुझी,
पूर्णिमा


नागपूर, २६ फेब्रुवारी

चि. सौ. पूर्णिमास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू तीन आठवड्यांची असताना तुझ्या आजीनं तुला हातात घेतलं आणि म्हणाली, पोर हलकी लागते. काटासुद्धा नव्हता, नुसता हात. मी मान खाली घातली आणि डब्याचं दूध सुरू केलं. सव्वीस वर्षं मी हेच धरून बसले की आपल्या अंगात दूध नव्हतं, आणि तेच तुला शिकवायला निघाले होते. मला फार राग आलाय पूर्णिमा, तुझ्या आजीचा आणि माझाही. आज तुझ्या बाबांशी उगाच भांडले.

प्लास्टर सोमवारी निघतं. कलावतीला माझा नमस्कार सांग. तिचं काम मी करणार नाही. तू पोरीला पाजशील तेव्हा मला नुसतं शेजारी बसायचंय. पद्मिनीबाईंना पत्र टाकलेलं नाही, विचारते आहे तुलाच. येऊ का?

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
आई