साक्षीदाराला मावशी म्हणायचं

मंगळवार संध्याकाळ, लक्ष्मीबाई नगर

गुडगावच्या खुनाची केस, जी रोज पेपरात गाजतेय, तिच्यातली उद्याची उलटतपासणी मी घ्यायची. मी! आरोपी बिल्डरचा मुलगा, आम्ही त्याच्या बाजूने. आमच्या सीनियर सरांनी मला निवडलं, कारण साक्षीदार माझ्यासारखीच मराठी आहे. खून झाला त्या जागेसमोरच्या नव्या सोसायटीत राहणारी, आईच्या वयाची बाई. तिने बाल्कनीतून त्याला पळताना पाहिलंय.

"आवाज चढवायचा नाही," सर म्हणाले. "प्रश्न हिंदीतच विचार, पण तिला मावशी म्हण. आपलं माणूस दिसलं की लोकांना नाही म्हणवत नाही."

घरी आल्यावर आईलाच साक्षीदार केलं. ती मेथी निवडत होती. तिला बजावलं, तू त्याला नक्की पाहिलंयस, काही झालं तरी हटायचं नाही.

मावशी, उजेड कमी होता ना? मावशी, चष्मा घातला होता का? मावशी, तसाच शर्ट दुसऱ्या कुणाचा असू शकतो ना?

आई दर वेळी माझ्या तोंडाकडे बघायची. शेवटी म्हणाली, "असेल बाई दुसरा कुणीतरी."

म्हणजे युक्ती चालते. मग खूश का नाही मी? वकील तर प्रत्येक आरोपीला मिळायलाच हवा, हे मीच सगळ्यांना ऐकवत असते. पण ते मावशी म्हणणं... आणि त्या बाईने खरंच पाहिलं असेल तर?

आई आत्ताच डोकावून गेली. "बरोबर बोलले ना गं मी? तुला हवं होतं तसंच?"