व्हिडिओ मिळणार नाही

देवपूर, धुळे
१४ ऑक्टोबर २०२५

सौ. सुनंदाबाई यांना,

नमस्कार. आम्ही दोघं सुखरूप पोचलो. तुम्ही पिंप्राळ्यात मजेत असणारच, कारण दोन दिवसांत तुमचे पाच मेसेज आले आणि प्रत्येकात तीन-तीन हसरी तोंडं. मजकूर पाचही वेळा तोच: "ताई, व्हिडिओ पाठवा ना." उत्तर कागदावर देते आहे. मोबाइलवर दिलं असतं तर तुम्ही ते तुमच्या गाण्याच्या ग्रुपवर फिरवलं असतं.

शनिवारी आम्ही जळगावला आलो ते दिवाळीच्या खरेदीला. तुमच्या ग्रुपचा गाण्याचा कार्यक्रम संध्याकाळी होता, म्हणून तोही पदरात पडला. यांना जांभळंच जाकीट हवं होतं. त्यासाठी फुले मार्केटात चार दुकानं पालथी घातली. दीपनगरच्या वीज केंद्रात जन्मभर खाकी घातलेला माणूस जांभळ्या रंगासाठी अडून बसतो, तेव्हा बायकोने काय समजावं? मी विचारलं नाही. हे भरीत-पुरी खायला बसले, तेवढ्यात मी परत जाऊन त्याच रंगाची साडी घेतली. दुकानदार ज्ञानचंदशेठ म्हणाले, "अक्का, साहेबांच्या शेजारी उभ्या राहा, फोटो काढण्यासारखी जोडी दिसेल." मी म्हटलं, "तुम्ही घडी नीट घाला." पण फॉल तासाभरात लावून घेतला.

आणि हॉलमध्ये तुम्ही आलात. जांभळ्या.

"अय्या, ताईपण मॅचिंग! आमच्या ग्रुपचा नियमच आहे हो, ड्युएट म्हटलं की दोघांचा रंग एक." आणि वर, "नाव कोकिळा आणि गात नाही?" हे मला आजवर शंभर जणांनी ऐकवलंय. जांभळ्या साडीत कुणी ऐकवलं नव्हतं.

निवेदक यांचं नाव घेत म्हणाला, "आता योगेंद्र भारंबे, आणि त्यांच्या साथीला..." आणि मी उठून उभी राहिले. कॉन्व्हेंटची सवय. नाव पुकारलं की उठायचं. तुम्हाला वाटलं, ही आपल्यासाठीच उठली. पर्स माझ्या हातात कोंबलीत. "ताई, एवढी धरा. आणि व्हिडिओ तुमच्याच मोबाइलवर घ्या, माझा फुल झालाय." बाई, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी चौतीस वर्षं काढली. अख्ख्या भुसावळचे ट्रंक कॉल जोडले. कुणाची पर्स धरली नाही.

बरं, गाता तरी कशा? मुखड्याला चढता ते अंतऱ्यात उतरायचं विसरता. दुसऱ्या ओळीला श्वास चोरता. हे मला कसं कळलं, असं विचाराल. सांगते.

आठ महिने हे बाल्कनीत कानात इयरफोन घालून त्या गाण्याच्या अ‍ॅपवर तुमच्याबरोबर गाताहेत. यांच्या ओळी मला ऐकू यायच्या. तुमच्या फक्त यांच्या कानात. मधे नुसती शांतता. तेवढ्या शांततेत पोळ्या लाटणं जमत नाही. मी ती जागा भरत गेले, हळूच, लाटण्याच्या आवाजाखाली. फेब्रुवारीपासून रोज. हे माझ्यासाठीच जागा सोडून गातात, असंही वाटायला लागलं होतं. म्हणजे वर लिहिलेलं ते कॉन्व्हेंटच्या सवयीचं खोटं आहे. तिथे नाव पूर्ण ऐकून मगच उठायला शिकवत असत.

तुमचं नाव यांनी एकदा सांगितलं होतं. पुढे मी काही विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार? आमच्या मयुरीच्या बारशाला, दीपनगरच्या क्वार्टरमध्ये, वीस माणसांत हे म्हणाले होते, "चल गं, दोघं मिळून एक म्हणू." मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा प्लँटचा भोंगा सुरात आहे." सगळे हसले. हेही हसले. त्यानंतर सदतीस वर्षं घरात गुणगुणलेसुद्धा नाहीत.

आता व्हिडिओ. चित्र हललंय, आवाज स्वच्छ आहे. मोबाइल माझ्या तोंडाजवळ होता. तबला, की-बोर्ड, तुम्ही, सगळं लांबून, झाकण ठेवल्यासारखं येतं. बाईच्या ओळी सगळ्या माझ्या आवाजात आहेत. रविवारी एसटीत यांनी तो दोनदा ऐकला. "मागे कुणी बाई गात होती का गं?" मी म्हटलं, "असेल." बोलताना माझा आवाज हे सात भिंतींपलीकडून ओळखतील, पण गाताना त्यांनी ऐकलाय कधी? पारोळा आलं. मग म्हणाले, "सूर पक्का आहे बाईचा." मी खिडकीबाहेरचा कापूस बघत राहिले.

तेव्हा व्हिडिओ मिळणार नाही. ९ नोव्हेंबरला धुळ्यात तुमच्या ग्रुपच्या कार्यक्रमात तेच गाणं आहे. ते मी म्हणणार आहे. तुम्ही अवश्य या, पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवते. जांभळं नेसू नका.

यांना अजून सांगितलेलं नाही. त्याआधी भोंग्याचं बोलावं लागेल, आणि ते मला सदतीस वर्षांत जमलेलं नाही. म्हणून आधी हे पत्र पेटीत टाकते आणि मग घरी जाते. एकदा पेटीत पडलं की मला मागे फिरता येणार नाही.

माझी पर्स जड असते. दोन्ही हातांनी धरा.

कोकिळा योगेंद्र भारंबे