अण्णाचं तोडलेलं मिनिट

ती. अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग नुसता लिहायचा, प्रत्यक्षात गुडघे वाकतील तेवढाच धरून चाल.) तुझ्या पायाचं प्लास्टर अजून खाजतं का? आत विणायची सुई घालू नका असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणतेस आणि त्याच ओळीत तुझी अक्षरं अशी उड्या मारतात की सुई तेव्हा कुठे होती ते मला इथे बसून कळलं. माझी तब्येत बरी आहे. एक दाढ गेली, बाकीच्या तिच्याच वाटेवर आहेत.

तू लिहिलंयस, वहिनी गेली, आता अण्णाला एकटं सोडू नकोस, त्याचा हात धर. अक्का, हात धरायला माणूस आधी हाताच्या टप्प्यात यावा लागतो. अण्णा माझ्याशी बोलत नाही. वहिनी जायच्या आधीपासून बोलत नव्हता आणि ती गेल्यावरही बोलत नाही. तिला नेलं तेव्हा मी सगळ्यांत मागे चालत होतो, उशीर झालेल्या पाहुण्यासारखा. येत्या रविवारी संध्याकाळी वाचनालयात तिच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळायची आहे आणि तिथे मी पाऊल ठेवायचं नाही, असा निरोप अण्णाने ग्रंथपालबाईंकडून पाठवलाय. आई गेल्यावर जिने मला न्हाऊमाखू घातलं, माझ्या पहिल्या पगाराचं घड्याळ जिच्या मनगटावर शेवटपर्यंत होतं, तिच्यासाठी उभं राहायला मला बंदी. कारण विचारशील, तर इस्रायल आणि पॅलेस्टाइन. हसू नकोस. मीही आधी हसलो होतो.

फोनवर सांगितलं असतं. पण तुला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडणार, मला ऐकू येतं हे विसरून तूही ओरडणार, आणि घरची भानगड दोन गावांना कळणार. म्हणून पत्र. नमनालाच घडाभर तेल गेलं, पण तुला प्लास्टरमुळे कुठे जायचंय?

तर, तू आमचं वाचनालय पाहिलं आहेस. खाली वर्तमानपत्रांचं लांब टेबल, वर पुस्तकं, आणि मधला जिना आता आमच्यापैकी कोणालाच झेपत नाही, त्यामुळे आम्ही सगळे वर्तमानपत्रांवर जगतो. (पुस्तकांवर जगला असतात तर इतके भांडला नसतात, असं बाई म्हणतात. त्यांना पगार पुस्तकांचा मिळतो.) तिथली एक जुनी रीत आहे. मेंबर गेला किंवा त्याच्या घरातलं कोणी गेलं की संध्याकाळी टेबलाभोवती उभं राहून दोन मिनिटं शांतता. सुरू करायला एकदा घंटा, संपवायला एकदा घंटा. ती पितळी घंटा माझ्याकडे, कारण जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला, दोन मिनिटं म्हणजे किती हे मला झोपेतही कळतं असा लोकांचा समज. आणि शांतता झाली की वहिनीचा चहा. ती मेंबर नव्हती. पण कोणीही जावो, ती किटली घेऊन यायची आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून राहायची. आम्ही सगळे पिकली पानं, त्यामुळे घंटेला आणि किटलीला विश्रांती अशी नव्हतीच.

मग तिकडे युद्ध पेटलं. पहिल्याच आठवड्यात आमच्या केमिस्टने ओलीस धरून नेलेल्या एका म्हातारीचा फोटो पेपरातून कापून दुकानात चिकटवला. गडी तसा कोरडा, उधारी मागायला आलेल्याला "पुढे जा" म्हणणारा. पण त्या फोटोकडे बघून म्हणायचा, "या वयात रोजची गोळी लागत असणार हो तिला. कोण देत असेल तिकडे?" आणि फोटोच्या मागे त्याने रक्तदाबाच्या गोळ्यांची एक पट्टी खोचून ठेवली होती. ती कोणाला विकत नसे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून त्याला कोणी ढोंगी म्हटलं की मला राग येतो.

आणि अण्णाचं तुला माहीत आहे. सगळी नोकरी पाणीखात्यात, व्हॉल्व्ह सोडण्यात गेली. दंगलीच्या वर्षी कर्फ्यूत सायकल काढून दोन्ही वस्त्यांना पाणी सोडून आला होता, आणि वरच्या साहेबाने खडसावलं तर म्हणाला होता, "मारामारी त्यांनी करावी, तहान आपली जबाबदारी." असा माणूस. गाझाचं पाणी बंद केलं ही बातमी त्याने वाचली आणि टेबलावर मूठ आपटली. मग टीव्हीपुढे जो बसला तो उठेचना. ढिगाऱ्यातून काढलेली पोरं बघायची आणि रडायचं. जेवताना घास हातात घेऊन रडायचा. वहिनी घास खाली ठेवायला सांगायची, मग ते ताट झाकून ठेवायची.

इथवर दोघंही माणसंच होती. पुढे मेंबरं झाली. केमिस्ट म्हणाला, आपण त्या पहिल्या दिवशी मारलेल्यांसाठी शांतता पाळू. अण्णा म्हणाला, आणि नंतर रोज मरताहेत ती काय माती? झालं. टेबलाचे दोन भाग पडले, खिडकीकडचे केमिस्टचे आणि पंख्याखालचे अण्णाचे. ज्यांना नकाशावर ती जागा बोट ठेवून दाखवता आली नसती, ते हजारो वर्षांचा इतिहास एकमेकांच्या अंगावर फेकू लागले. केमिस्टला कोणी खुनी म्हटलं, अण्णाला कोणी अतिरेकी म्हटलं. (अण्णाला! जो झुरळ मारताना डोळे मिटतो!) मेलेल्यांसाठी गप्प कसं राहायचं यावर एवढा आरडाओरडा झाला की शेजारच्या लाँड्रीवाल्याने येऊन कोण गेलं म्हणून विचारलं. मी म्हणत होतो, मेलेलं माणूस ते मेलेलं माणूस, सगळ्यांसाठी एकदाच उभे राहू. तर दोन्हीकडचे माझ्यावरच उलटले. गुळमुळीत माणूस कोणालाच गोड लागत नाही.

मग आमचे रिटायर्ड ऑडिटर उठले. मृतांच्या आकड्यांच्या प्रमाणात सेकंद वाटून घ्यावेत, अशी त्यांची सूचना. कागदावर भागाकारही करून आणला होता. आकडा रोज वाढतो म्हणून कोष्टक पेन्सिलीने केलंय, असंही त्यांनी सांगितलं. ते ऐकून सगळं टेबल गप्प झालं. माझ्या मते खरी शांतता पाळली गेली ती तेवढीच, पण घंटा वाजली नव्हती म्हणून ती धरली नाही.

शेवटी ग्रंथपालबाईंनी तोड काढली. एक मिनिट केमिस्टचं, एक मिनिट अण्णाचं. ज्याला ज्या मिनिटात उभं राहायचं त्याने राहावं, बाकीच्यांनी बसावं, पण तोंड मिटून. पहिलं मिनिट कोणाचं यावर नाणं उडवलं. अक्का, मेलेल्या माणसांसाठी नाणं उडवताना मी पाहिलं आणि तरीही घंटा हातात घेतली, हे तुला सांगून ठेवतो.

पहिलं मिनिट केमिस्टचं लागलं. खिडकीकडचे उठले, पंख्याखालचे बसून राहिले. मिनिट पुरं झालं, मी घंटा वाजवली. खिडकीकडचे मुद्दाम खुर्च्या वाजवत बसले. मग अण्णा उठला. डोळे मिटून, हात जोडून उभा होता. आणि मी घंटा वाजवली. त्याचं मिनिट निम्मंही झालं नव्हतं.

अण्णाने डोळे उघडले. माझ्या हातातल्या घंटेकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. म्हणाला, "पाणी तोडलं, वीज तोडली. आता माझ्या भावाने मिनिटही तोडलं." मी म्हटलं, हात घसरला. तो म्हणाला, "ज्याने आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या त्याचा हात घसरत नसतो. केमिस्टने काय दिलं तुला?" केमिस्टनेही आगीत तेल ओतायची संधी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी मला रस्त्यात मिठी मारून "तुम्ही आमचे" म्हणाला आणि खोकल्याच्या औषधाची बाटली फुकट दिली. जन्मात पहिल्यांदा त्याने काही फुकट दिलं आणि ते चार लोकांत दिलं. अण्णाला ते कळायला संध्याकाळ लागली नाही. तेव्हापासून मी त्याच्या घरी गेलो तर तो आतल्या खोलीत जातो. वहिनी दारात उभी राहून म्हणायची, "भाऊजी, चार दिवस जाऊ द्या." ते चार दिवस अजून चालू आहेत, ती मात्र गेली.

आता रविवारचं ऐक. पंख्याखालचे वाचनालयात उभे राहणार. खिडकीकडचे म्हणाले, त्या माउलीचा चहा आम्हीही प्यायलोय. पण त्यांनाही अण्णाची मनाई, म्हणून ते केमिस्टच्या दुकानात उभे राहणार, गोळ्यांच्या कपाटापुढे. म्हणजे जिने एका किटलीतून सगळ्यांना चहा दिला तिच्या शांततेचीही वाटणी झाली. घंटा अण्णाने माझ्याकडून मागवून घेतली. पण ती वाजवणार कोण यावर पंख्याखालच्यांतच फाटाफूट आहे, तेव्हा ऑडिटरांच्या मोबाइलवर गजर लावायचं ठरलंय. तो गजर कोंबड्याचा आहे. बदलायचा कसा ते त्यांना येत नाही. वहिनीला निरोप कोंबडा देणार, आणि मी घरी बसून भिंतीवरची घड्याळं बघणार.

असो. तू स्वतःला जप. माझं काही मागणं नाही. फार तर ते करडे मोजे विणून झाले असले तर पाठव.

तुझा,
धाकटा

ता. क. मोज्यांचं राहू दे. माझा हात घसरला नव्हता. अण्णाच्या मिनिटात वहिनीला उबळ आली होती. दाराजवळच्या खुर्चीत ती तोंडावर रुमाल दाबून बसली होती, खोकला बाहेर पडला तर अण्णाची शांतता मोडेल म्हणून. चेहरा काळानिळा पडला होता. सगळ्यांचे डोळे मिटलेले नाहीतर खाली. घंटा वाजवणाऱ्याला डोळे मिटता येत नाहीत, म्हणून मला दिसलं. मी घंटा वाजवली, खुर्च्या वाजल्या, आरडाओरडा झाला, आणि त्या गोंधळात ती बाहेर जाऊन मोकळेपणी खोकली. रुमालावर रक्त होतं. केमिस्टची बाटली मी तिलाच नेऊन दिली. तो खोकला ना सुंठीने गेला, ना सुंठीवाचून.

ता. क. दुसरा. अण्णाला हे का सांगितलं नाही म्हणशील. छातीच्या डॉक्टरांकडे तिला मीच नेत होतो, देवळात जाते असं सांगून ती निघायची. डॉक्टरांनी पहिल्याच खेपेला हात टेकले होते. तिने माझ्याकडून वचन घेतलं. म्हणाली, "त्यांना आधीच इतक्या पोरांचं दुःख आहे, भाऊजी. त्यात माझी भर नको." आता मी खरं सांगितलं तर मी सुटतो. पण अण्णाला कळेल की तो टीव्हीपुढे रडत होता तेव्हा पाठीमागे स्वयंपाकघरात ती मरत होती आणि हे तिने त्याच्याऐवजी मला सांगितलं. त्याचं रडणं खोटं नव्हतं गं. ते त्याला आयुष्यभर खोटं वाटत राहील. म्हणून मागणं एवढंच. तू त्याला फोन कर, तुझं ओरडणं तो लहानपणापासून मानतो. खोकल्याचं काही सांगू नकोस. धाकटा हलकट आहे, पण त्याला दाराजवळच्या खुर्चीमागे उभं राहू दे, एवढंच म्हण. तिथून मी कोणाला दिसणारही नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायचं राहिलंय म्हणून पोस्टात उभ्याउभ्याच लिहितोय. रांगेत माझ्या पुढे अण्णा आहे. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण भलत्याच काजात. त्याच्या हातात पाकीट आहे आणि त्यावर तुझा पत्ता, व्हॉल्व्हच्या झाकणांवर रंगवायचा तसल्या ठसठशीत अक्षरात. त्याने वळून माझ्या हातातलं पाकीट पाहिलं. पत्ता वाचला. पुन्हा वळताना डिंकाची बाटली माझ्याकडे सरकवली. त्याच्या पाकिटात काय आहे देव जाणे. तू आधी ते उघड. त्यात मला शिव्या असल्या तर वरचं सगळं तसंच धर. नसल्या तर खोकल्याचा कागद फाडून टाक, तू तो वाचलाच नाहीस. काउंटरवरचा माणूस मघाशी आत गेलाय तो परत आलेला नाही. मागचे लोक कुरकुर करताहेत. आम्ही दोघं गप्प आहोत. सवयीने मनगटाकडे बघितलं, दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली. घंटा वाजवायला कोणी नाही, म्हणून अजून उभेच आहोत.