पिंढरीपर्यंतचे बूट

माय,

तुझा उजवा पाय मला तुझ्या चेहऱ्याइतकाच लख्ख आठवतो. उडीद उपटताना घोणस डसली, तेव्हा दादांनी तुला बैलगाडीत घालून सडकेपर्यंत आणलं आणि तिथून एसटीनं परभणीच्या दवाखान्यात नेलं. तू वाचलीस, पण दोन बोटं तिथंच राहिली. पुढच्या सुगीला तू पुन्हा त्याच झिजल्या चपलेवर रानापर्यंत, आणि ती बांधावर काढून अनवाणी आत, टाच टेकवत. मी दादांचे जुने चामडी बूट घालून तुझ्या मागं येते, तर तू वळून बघतेस आणि ओरडतेस, "काढ आधी! साहेबीण हायस का? पिकाला पाय लागायलाय, दिसंना का?" मी बूट काढते. तू ते पदरानं पुसतेस आणि बाभळीला अडकवतेस. तुझ्या मनात रानाबद्दल काय होतं, ते मला तेव्हाही कळलं होतं. पण त्या दिवसापासून माझी नजर कायम बायकांच्या पायांवरच जाते.

आता तेच रान मी करते. सोयाबीन कापायला गावातल्या बायका येतात, त्यांत तुझी मैत्रीण मावशीही; ती अजून विळा सोडत नाही. गेल्या सुगीत शेजारच्या रानात कापलेल्या ढिगाखाली घोणस निघाली आणि आमच्या बायका बांधावरच थांबल्या. मी परभणीला गेले. दुकानदारानं आधी घोट्याएवढे चामडी बूट काढले. म्हटलं, घोणस पिंढरी धरते, उंच दाखवा. तो हसला. "ताई, बायका कुठं गमबूट घालतेत?"

"घोणस डसताना बाई हाय का गडी, हे बघती का?" मी म्हटलं.

मग त्यानं ढीगच पुढ्यात टाकला. घट्ट बसणारे मी बाजूला सारले. दात रबरातून आरपार आलाच तर आत मोकळी जागा हवी. फार उंच होते ते गुडघ्यामागं रुतत होते. आपलं सगळं काम उकिडवं बसून, म्हणून मी त्या दुकानात साडी खोचून उकिडवी बसले आणि कापणीला सरकतात तशी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकले. गिऱ्हाइकं बघतच राहिली. शेवटी जाड रबराचे, गुडघ्याच्या जरा खाली येणारे, पुरुषांच्या मापातले सगळ्यांत लहान बूट जाड मोज्यांवर बरोबर बसले.

रानात मावशी पोट धरून हसली. "पोलिसात लागलीस का गं?" आणि मग गंभीर होऊन, "धान्याच्या राशीपाशी हे चालायचं न्हाई, लक्षुमी हाय ती, सांगून ठेवते." मी कबूल केलं. कापताना घालायचे, राशीपाशी काढायचे.

या सुगीत, ऊन चढायच्या आधी, मी कापलेल्या पेंढ्या उचलायला वाकले आणि कुकरची शिट्टी व्हावी तसा फुत्कार आला. पाय मागं घ्यायच्या आत नडगीवर दणका बसला. क्षणभर ती बुटालाच लटकली, मग सुटून बांधाकडे गेली. बायका किंचाळत होत्या. मी जागची हलले नाही. मला हलताच येईना. मावशीनंच मला खाली बसवलं, बूट ओढून काढला, मोजा काढला आणि आपल्या खरखरीत हातांनी माझी नडगी, पिंढरी, घोटा चाचपला. पुन्हा पुन्हा चाचपला. बुटावर बाहेरून दोन ओले ठिपके होते. आत काहीच नव्हतं.

"कोरडा हाय गं!" मावशी अख्ख्या रानाला ऐकू जाईल अशी ओरडली. "पोरीचा पाय कोरडा हाय!" मग हळूच म्हणाली, "मला कवा आणतीस?"

पुढच्या सुट्टीला आम्ही सगळ्या त्याच दुकानात होतो. साड्या खोचून सगळ्या उकिडव्या सरकत होत्या, सर्वांत पुढं मावशी, आणि दुकानदार स्वतः खाली बसून बायकांच्या पिंढऱ्यांपाशी किती जागा राहते ते बघत होता. यंदाची सुगी संपली, माय. आमच्यातल्या एकीच्याही पायाला काही झालं नाही. रास झाली तेव्हा सगळ्यांचे बूट बांधावर ओळीनं उभे होते आणि आम्ही अनवाणी राशीला हात जोडले. तू ते बघायला हवं होतंस.

तू गेलीस तिथं हे पत्र पोचवणारी कुठली पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. तू कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस आणि म्हणाली असतीस, "मिरवायलीस व्हय?" हो माय, मिरवते. परवा जिंतूरच्या बाजारालाही मी तेच घालून गेले. तिथं काही घोणस नव्हती.