दोन डॉक्टरांचा मान

आई,

बाबा बरे आहेत. हे आधी लिहितो, कारण कोणाचंही पत्र आलं की तू शेवटाकडून वाचायला सुरुवात करायचीस, बातमी वाईट नाही एवढं पाहायचीस आणि मग निवांत वरून वाचायचीस. तर बाबांच्या पायांची सूज उतरली आहे, चक्कर थांबली आहे आणि काल त्यांनी शेजारच्या काकांशी संत्र्याच्या बहरावरून अर्धा तास वाद घातला. आता निवांत वाच. गेल्या काही महिन्यांत घरात जे झालं ते तुलाच सांगायला हवं, कारण त्याच्या मुळाशी तू आहेस.

तू सौंसरच्या सरकारी दवाखान्यात सोळा वर्षं आया होतीस, आणि आता तुला जाऊन बारा वर्षं होतील, तरी आपल्या घरी त्याला सरकारी दवाखाना कोणी म्हणत नाही. बाबा अजूनही ‘तुह्या मायचा दवाखाना’ म्हणतात. मला त्या इमारतीतला एक दिवस स्वच्छ आठवतो. मी सहावीत आहे, अंगात ताप आहे आणि मला खाजगी डॉक्टरकडे जायचं आहे, कारण वर्गातल्या सगळ्या मुलांना तिथे सुई मिळते आणि लाल औषधाची बाटली मिळते, जी ते शाळेत येऊन वर्णन करून सांगतात. तू मला हाताला धरून आपल्या दवाखान्यात नेतेस. लाइन व्हरांड्याच्या टोकापर्यंत आहे. मी सरळ पर्चीच्या खिडकीशी जातो, कारण खिडकीतले काका मला ओळखतात. तू मागून येतेस, माझा कान न धरता नुसता खांदा धरतेस आणि सगळ्यांसमोर म्हणतेस, “लाइनीत उभा राह्य. इथं माय काम करते, तू नाही.” मला लाइनीत सोडून तू वॉर्डात निघून गेलीस. मला सुई मिळाली नाही, कागदाच्या पुडीत सहा पांढऱ्या गोळ्या मिळाल्या, आणि तिसऱ्या दिवशी ताप गेला, याचाही मला राग आला. पुढच्या पगाराला तू मला थर्मामीटर आणून दिलंस, कारण मी दिवसातून दहा वेळा कपाळ पुढे करून ‘आहे का?’ विचारायचो. म्हणालीस, स्वतः बघत जा आणि मला स्वयंपाक करू दे. त्यानंतर मी दिवसातून वीस वेळा बघायला लागलो. तू भाकरी थापत असायचीस आणि मी चुलीजवळ बसून आकडे वाचून दाखवायचो, आणि तू प्रत्येक आकड्याला ‘छान’ म्हणायचीस, बरा असो की वाईट.

तर बाबांना मागच्या उन्हाळ्यात बीपी निघालं. तुझ्याच दवाखान्यात निघालं आणि तिथूनच रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. त्या गोळ्या ते तुझ्या फोटोखालच्या फळीवर ठेवतात. मग पोळ्याला ते ताईकडे पांढुर्ण्याला गेले आणि गोळ्या फळीवरच राहिल्या. चार दिवसांत डोकं जड झालं. भाऊजी त्यांना स्वतःच्या ओळखीच्या खाजगी डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाबा त्या दवाखान्याचं वर्णन अजूनही दबक्या आवाजात करतात. बसायला गादीची खुर्ची, थंडगार खोली, प्लास्टिकचं कव्हर असलेली फाइल, आणि डॉक्टर आधी नातवंडांची चौकशी करतात. तिथेही बीपी वाढलेलं निघालं आणि संध्याकाळची एक गोळी सुरू झाली. ताईने त्या गोळ्यांसाठी जुन्या साडीच्या काठाची छोटी पिशवी शिवून दिली.

तेव्हापासून बाबांचा क्रम असा होता, की महिन्यातून एकदा पर्ची घेऊन तुझ्या दवाखान्यात आणि महिन्यातून एकदा फाइल घेऊन पांढुर्ण्याला. दोन्हीकडे बीपी उत्तम निघायचं. दोन्ही डॉक्टर खूश होते, औषध छान लागू पडलं म्हणायचे. बाबा घरी येऊन मला तसं सांगायचे आणि मी समजायचो की ते एकाच डॉक्टरबद्दल दोनदा सांगत आहेत. मी दिवसभर वायंडिंगच्या दुकानात असतो, शेतकऱ्यांच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो. स्वतःची नाडी मी दिवसातून तीन वेळा मोजतो, पण बाबांच्या गोळ्या कधी मोजल्या नाहीत, हे खरं आहे.

हिवाळ्यात त्यांचे पाय सुजायला लागले. चपलेचा पट्टा पायात रुतायचा. उठताना भिंत धरायचे आणि विचारलं की म्हणायचे, “वय झालं, दुसरं काय.” फेब्रुवारीत ते सौंसरच्या बसस्टँडवर पडले. नातवंडांसाठी संत्र्यांची पिशवी घेऊन पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढत होते, पहिल्याच पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. कंडक्टरने मागून धरलं म्हणून डोकं वाचलं. संत्री सगळ्या स्टँडभर गेली. मी धावत पोचलो तेव्हा बाबा बाकावर बसून लोकांनी गोळा करून दिलेली संत्री मोजत होते. मला बघून म्हणाले, “दोन कमी हायेत.”

भाऊजींनी त्याच दिवशी फोनवर ठरवलं की आता नागपूर. मोठा दवाखाना, डोक्याचा फोटो, आणि डॉक्टर म्हणाले तर भर्ती. गुरुवारचा नंबरही लावला. भाऊजींचं चुकलं असं मी म्हणत नाही, मीही मोबाईलवर चक्कर येण्याची कारणं वाचून तेरा आजार काढले होते आणि त्यातले नऊ मला स्वतःला आहेत असं वाटत होतं. पण नागपूरचं नाव निघालं आणि बाबा निरवानिरव करायला लागले. का ते तुला माहीत आहे. तुला नागपूरला नेलं तेव्हा मी नववीत होतो, तू गाडीत बसताना शनिवारी येते म्हणालीस, आणि त्यानंतर दहावीचा फॉर्म मी भरलाच नाही. आता बाबा मला घर दाखवायला लागले. पाण्याची टाकी कशी भरायची, वीजबिल कुठे असतं, बकरी कोणत्या हाताने दिलेला पाला खाते. मी याच घरात राहतो, आई, मला टाकी भरता येते. पण ते दाखवत होते आणि मी सगळ्याला हो म्हणत होतो.

रविवारी दुपारी मी अंगणात बाजेवर बसून नागपूरसाठी यादी करायला घेतली. जळालेली मोटर खोलली की जुन्या तारेचे वेढे आधी मोजून लिहून ठेवायचे असतात, नाहीतर नवीन तार किती भरायची ते कळत नाही. नागपूरचे डॉक्टर विचारतील म्हणून तसंच बाबांचं सगळं लिहून न्यायचं, असं मी ठरवलं. फळीवरच्या गोळ्या आणल्या, ताईच्या पिशवीतल्या आणल्या, आणि पाकिटावरचं एक-एक अक्षर वहीत उतरवू लागलो. मोठ्या अक्षरांतली नावं वेगळी होती, रंग वेगळे होते. खाली बारीक अक्षरांत आत काय आहे ते लिहिलेलं असतं. ते दोन्हीकडे एकच होतं. मी चष्मा पुसून परत वाचलं. औषध तेच, ताकदही तेवढीच.

बाबा बकरीजवळ होते. मी विचारलं, या दोन्ही गोळ्या तुम्ही घेता का.

“मंग? सकाळी तुह्या मायची, सांजच्याले जवायाची.”

“डॉक्टरांना सांगितलं होतं का, दुसरीकडचं औषध चालू आहे म्हणून?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वावगं बोललो. “असं कसं सांगाव बे? एकाच्या घरी जेवाले बसलो, अन् दुसऱ्याच्या भाजीचं नाव काढाव काय?”

मला हसू यायला नको होतं, पण आलं. आपल्याकडे पाहुणचाराला नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक आहे. जावयाने नेलेला डॉक्टर सोडला तर जावयाचा अपमान, लेकीला सासरी खाली पाहावं लागणार. आणि तुझा दवाखाना सोडायचा तर तुला काय तोंड दाखवायचं. म्हणून त्यांनी सहा महिने दोघांचाही मान राखला, सकाळ-संध्याकाळ, पाण्याबरोबर. मी म्हटलं, बाबा, ही एकच भाजी आहे, तुम्ही दोन्ही घरी तीच वाढून घेऊन राहिलात. त्यांनी दोन्ही पाकिटं हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाले, “म्हणून दोघंही मले चांगलं म्हणत होते.”

सोमवारी सकाळी आम्ही तुझ्या दवाखान्यात गेलो. लाइनीत उभे राहिलो, हे वेगळं सांगायला नको. डॉक्टरबाई नवीन आहेत, तरुण आहेत, हिंदी बोलतात. त्यांनी बाबांना उभं करून बीपी पाहिलं तर ते फार खाली होतं. मी वही पुढे केली. त्यांनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली, पायावर अंगठा दाबून पाहिला, आणि बाबांना किती महिने हे चाललंय ते विचारलं. बाबांनी उत्तर द्यायच्या ऐवजी त्यांनाच विचारलं, “बाई, तुम्हाले राग तं नाही आला?” बाई हसल्या. म्हणाल्या, राग नाही, पण या औषधाचा डोस दुप्पट झाला की बीपी पडतं आणि पाय सुजतात, पुढच्या वेळी दोन्हीकडचे कागद एकाच पिशवीत आणायचे. संध्याकाळची गोळी बंद, दर दोन दिवसांनी बीपी तपासायला यायचं. चक्कर वाढली तर लगेच नागपूर, नाहीतर आठवडाभर थांबून बघू.

भाऊजींना गुरुवारचा नंबर पुढे ढकला म्हणून सांगणं माझ्याकडे आलं. ते म्हणाले, “तू कधी झाला डॉक्टर?” त्यांचं बरोबर होतं. आठ दिवस थांबायचं मी त्यांच्याकडून मागून घेतलं आणि मग त्या आठ दिवसांत माझीच हालत खराब झाली. बाबांना काही झालं तर ते माझ्या वहीमुळे होणार होतं. दुकानात एका मोटारीचे वेढे दोनदा चुकले, दोनदा उकलले. रोज सकाळी मी बाबांच्या पायावर अंगठा दाबायचो आणि खळगा किती वेळ राहतो ते घड्याळात पाहायचो. ते म्हणायचे, “संत्रं पिकलं का बघून राहिला काय?” सातव्या दिवशी ते अंगणातून चालत आले आणि त्यांची एक चप्पल मागेच राहिली. पट्टा सैल झाला होता. आम्ही दोघंही त्या चपलेकडे बघत राहिलो.

भाऊजी माझी वही घेऊन पांढुर्ण्याच्या डॉक्टरांकडे गेले होते. ते डॉक्टर भले गृहस्थ आहेत. त्यांनी सगळं पाहून सांगितलं की पोराने बरोबर पकडलं, आता नागपूरची घाई नको. भाऊजींनी हे मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं आणि मी ते त्यांच्याकडून परत एकदा वदवून घेतलं.

आता राहिलं ते एवढंच. कोणाची गोळी ठेवायची हा प्रश्न होता. ताईला, भाऊजींना आणि बाबांनाही मी असं सांगितलं की डॉक्टरबाईंनी सरकारी दवाखान्यातलीच चालू ठेवायला सांगितली आहे. जावयाचा मानही राहिला, कारण डॉक्टरांच्या शब्दापुढे कोण काय बोलणार. हे पत्र बाबांच्या कागदांच्या पिशवीत ठेवलं असतं, पण ती पिशवी आता ताई दर महिन्याला उघडून तपासते, म्हणून दुकानातल्या हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवतो. कारण बाई तसं म्हणाल्याच नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, दोन्ही सारख्याच आहेत, जिथे नियमित जाणं जमेल तिथली घ्या. निवड मी केली, आणि नाव त्यांचं पुढे केलं. लाइनीत माझा अर्धा दिवस जातो, मालक कुरकुर करतो. पण औषधाच्या खिडकीत तुझ्या वेळच्या एक सिस्टर अजून आहेत. बाबांची पर्ची हातात घेतली की त्या दर वेळी मोठ्याने विचारतात, “हे आपल्या आयाबाईंचे ना?” आणि लाइनीतली चार माणसं वळून पाहतात. मला वाटतं, बाबा ते ऐकायला जातात. मी तर त्यासाठीच जातो.